बाबांच्या खोलीचे वासे

९ मार्च, रविवार

वैभवशी फोनवर कडाक्याचं भांडण! म्हणे, "बाबांच्या खोलीला खालून पीओपीचं सिलिंग मारून टाक, ताई. ऊन थांबतं." हैदराबादेत बसून सांगायला काय जातं! ते सागवानी वासे बाबांनी एकेक पारखून आणलेले, स्वतः उभं राहून बसवून घेतलेले. डिसेंबरात झटका आला, डावं अंग गेलं, बोलणं बंद झालं — तेव्हापासून उताणे पडून आहेत. दिवसभर नजर वर. तेवढंही झाकून टाकू?

पण मातीच्या कवेलूंच्या छपराखालची ती खोली मे महिन्यात भट्टी होते, हेही खरंच. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, "यांना हा उन्हाळा सोसणार नाही."

११ मार्च

सुचलं! खालून नाही — वरून!

कवेलू उतरवायचे. वाशांवर फळ्या ठोकायच्या, फळ्यांवर उष्णता अडवणाऱ्या फोमच्या जाड पाट्या, त्यावर लाकडी पट्ट्यांच्या रिपा, रिपांवर परत तेच कवेलू. खालून वासे जसेच्या तसे.

रामाजी सुतारांना कागदावर काढून दाखवलं.

"छप्पर उंच होईन ना ताई. कडेनं फोम दिसन."

"कडेला आडवी फळी मारू."

चित्रातल्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "होते. पन मेहनत लय हाय."

१६ मार्च

कवेलू उतरले. बाबांना माझ्या खोलीत हलवलं. मीही ओढणी कमरेला बांधून शिडीवर! शेजारच्या जयवंताबाई खालून ओरडल्या, "काऊन वं सुनयना, बँकेतली बाई छपरावर चढून राह्यली?"

"घर माझं हाय, काकू!"

हसल्या. थोड्या वेळानं चहा पाठवला.

२२ मार्च

अवकाळी आला. फळ्या ठोकून झालेल्या, फोम अर्धा — आणि वारा असा की ताडपत्री हातात ठरेना! एक टोक रामाजींनी धरलं, दुसऱ्यावर मी सरळ बसले. चिंब झाले. तळहात सोलले. फळ्या भिजल्या, आता वाळेपर्यंत काम बंद.

खाली आल्यावर रडू आलं. वैभवचं ऐकायला हवं होतं का?

२५ मार्च

फळ्या वाळल्या. एकही वाकली नाही!

३० मार्च, पाडवा

शेवटचा कवेलू मी बसवला. आज रामाजींनी सुट्टी घेतली नाही. खाली खोलीत येऊन दोघंही मान वर करून उभे. काळेभोर वासे, मधून नव्या फळ्यांचा पिवळा रंग. "झ्याक दिसते," रामाजी म्हणाले.

 

बाबांना परत त्यांच्या खाटेवर निजवलं.

१३ एप्रिल

वैभव आला. बाहेर डांबर वितळेल असं ऊन. खोलीत पाय टाकला आणि थबकला. कूलर शोधू लागला — मग कळलं, बंदच आहे! खुर्चीवर चढून फळीला हात लावून पाहिला.

"ताई, मानलं तुला. माझ्या ऑफिसातल्या इंजिनिअरला पण सुचलं नसतं."

दिवसभर पाय जमिनीवर नव्हते माझे. जयवंताबाईंना मुद्दाम बोलावून खोली दाखवली. छपराला एवढं मिरवणारी बाई आमच्या गावात दुसरी नसेल!

१४ एप्रिल

सकाळी पाणी पाजताना बाबांचे ओठ हलले. आवाज आला! झटक्यानंतर पहिल्यांदा! मी कान जवळ नेला.

"वासे... लय पाह्यले. मानसं दाखव."

खाट बाहेर, रस्त्याकडेच्या ओट्यावर काढली.