सतरा पाकिटं

मात्सुए, २१ जानेवारी १९७९

चिएकोस आईचे आशीर्वाद.

तुझं नव्या वर्षाचं पत्र पोचलं. इकडे गुडघाभर बर्फ आहे. माझा गुडघा म्हणजे तसाही कामातून गेलेलाच, त्यामुळे बर्फाला बोल लावत नाही. तळ्यातल्या शिंपल्यांचं सूप रोज होतं. कोझुए दोन वाट्या पिते आणि रिकाम्या शिंपल्या माझ्या वाटीत टाकून म्हणते, "आजीनं बघा किती खाल्लं." लबाड आहे. तुझ्यावरच गेली आहे.

मंगळवारचा वर्ग चालू आहे. यंदा पाच पोरं, सगळी एप्रिलात पहिलीत जाणारी. मी मांजराचं चित्र दाखवून "नेकोऽ" म्हणते. पहिला आवाज ऐकू आला की टाळी द्यायची आणि मग 'ने' काढायचा. मासळीवाल्याचा तारो काहीही दाखवलं तरी टाळी देतो. परवा मी शिंकले, त्यालाही दिली.

कोझुएचा कान तयार आहे, हात मात्र हट्टी. तुझ्या नावातला 'चि' ती उलटा काढते, उजवीकडचं पोट डावीकडे. मग त्याचा 'सा' होतो. शंभरदा गिरवून घेतला, पण एकटी बसली की पुन्हा उलटा.

तू लिहिलंस, "मी कामाला आहे त्या सरायवाल्यांनी मला खोली दिलीय, शाळाही जवळ आहे. पण कोझुए मला विसरली, फोनवर बोलतसुद्धा नाही. तिथं रमली असेल तर तिथल्याच शाळेत घाल." अगं, ती फोन दोन्ही हातांनी धरते आणि तू काही विचारलंस की मान हलवते. तुला ते कसं दिसणार? हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. तू फोन ठेवलास की ती मला विचारते, "आई काय म्हणाली ते तू ऐकलंस का?"

आता मुद्द्याचं लिहिते. तीन वेळा कागद फाडून झाला आहे.

उन्हाळ्यापासून कोझुए तुला पत्रं लिहिते आहे. पाकीट चिकटवून माझ्या हातात देते, "आजी, टाक." मी "हो" म्हणते. त्यातलं एकही मी टपालपेटीत टाकलं नाही. सतरा पाकिटं बिस्किटांच्या डब्यात आहेत. पहिलं मी उघडलं, त्यात तुझ्या नावाचा 'चि' उलटा होता. म्हटलं, आधी अक्षर सुधारू दे, असलं पत्र जाऊन आपलीच शोभा व्हायची. आणि लाल शाई घेऊन त्यावर खुणा केल्या. तुला हे नवीन नाही. दुसरीत असताना तू मला पत्र लिहिलं होतंस, ते मी सात चुका दाखवून तुझ्याच हातात परत दिलं. तू कागद घडी करून खिशात घातलास. ते आठवलं तरी मी सुधारले नाही.

पण अक्षराचं निमित्तच होतं, चिएको. पत्रं गेली असती तर तू पहिल्या गाडीनं येऊन तिला घेऊन गेली असतीस. तुझे वडील गेल्यावर या घरात मी सहा वर्षं एकटीनं जेवले. मला ती हवी होती, म्हणून तुमच्या दोघींच्या मध्ये मी बसले.

गेल्या मंगळवारी सगळी पोरं गेली तरी ती उठेना. कागदावर चौकटी आखत बसली होती. मी म्हटलं, "कुणासाठी एवढं?"

म्हणाली, "आईसाठी. ती उत्तर देत नाही ना, तिला अक्षरं येतच नसतील."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला कळलं. आजी, तू तिला शिकवलं नाहीस का? राहू दे, मी शिकवते. तू लाल शाई लावू नकोस हं, ती रडेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले.

तो कागद सोबत आहे. 'का'समोर खेकडा, म्हणजे 'कानी', आहे, 'ने'समोर मांजर, म्हणजे चित्र बघून तुला पहिला आवाज ओळखता येईल. 'चि'समोर तू आहेस. केस कमरेपर्यंत काढलेत; तू ते कापलेस हे तिला माहीत नाही. प्रत्येक चौकटीत तिनं ठिपके दिलेत, ते जोडत तू गिरवायचं. सतराही पाकिटं पाठवते आहे. पहिल्यावर माझी लाल शाई आहे, ती आता निघत नाही. बाकीची सोळा मी उघडली नाहीत.

तिला सगळं सांगितलं. पत्रं मी दडवली, आईला अक्षरं चांगली येतात, असं. दोन दिवस तिनं रिकाम्या शिंपल्या माझ्या वाटीत टाकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तरी कागद पाठव. मी मेहनत केलीय."

इथल्या शाळाप्रवेशाचा कागद नगरपालिकेतून आला आहे. मी तो भरलेला नाही. तिचे लोकरीचे मोजे आणि टोपी धुऊन घडी करून ठेवली आहे. गिरवलेला कागद पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. तपासायला ती दारात बसणार आहे. तिला बरोबर घेऊनच परत जा.

'चि' तिनं इथंही उलटाच काढला आहे. तो तसाच गिरव.

तुझं दुसरीतलं पत्र फार छान होतं, हे सांगायचं जिच्याकडून राहून गेलं, ती
तुझी आई