हाळीला ओ

९ नोव्हेंबर
हट्ट्याला पोचले. प्रेमानंदनं परभणीहून माझं सगळं बिऱ्हाड गाडीत भरलं, तुळशीच्या कुंडीसकट, आणि वाटभर थट्टा करत आला : "ताई, तुझं बरंय, खिडकी उघडी ठेवली तरी केस विस्कटत न्हाईत." पंचावन्नाव्या वर्षी धाकट्या भावाची असली थट्टा ऐकून हसू आलं. दोन केमो झाल्या, चार राहिल्या. एकटी राहू नकोस, आखाड्यावर ये, नांदेडच्या दवाखान्यात मी नेतो-आणतो, असं दोन महिने तो मागेच लागला होता. हा आखाडा, म्हणजे त्याचं शेतातलं घर, मी पहिल्यांदाच पाहते आहे. चारी बाजूंनी कमरेइतकी हळद. शितलनं, माझ्या भावजयीनं, मला वेगळी खोली दिली आहे, थेट अंगणात उघडणारी. रात्री उठले तर मला मोकळं फिरता यावं म्हणून. किती विचार करते पोर.

ही वही नर्सबाईंची कल्पना. रोजची झोप लिहायची. झोप आली नाही तर गादीवर लोळायचं नाही, बाहेर पडून आवडीचं काहीतरी करायचं. आवडीचं काय, हे मला सांगता येईना. तीस वर्षं शाळेच्या कचेरीत रजिस्टरंच भरली.
झोप : चार तास.

१४ नोव्हेंबर
काल तिसरी केमो. सोबतच्या गोळ्यांनी झोप पार उडते, हे आता पाठ झालं आहे. एक वाजता खुर्ची अंगणात ओढली. शाल, बॅटरी, वही घेतली आणि आवड सापडली. वडील अंधारात नुसत्या आवाजावरून पाखरं ओळखायचे. मला अजून येतं. १.१० टिटवी, विहिरीकडून. १.३५ पिंगळ्यांचं भांडण. २.०५ रातवा, फरशीवर गोटी पडून ठणठणत थांबावी तसा. दीड तास आजाराची आठवण आली नाही, मग थंडी वाजली म्हणून आत येऊन कान बांधून बसले.
झोप : नाही. तरी सकाळी मन प्रसन्न.

१७ नोव्हेंबर
२.४० ला नवा आवाज. पाखराचा नव्हे, माणसाचा. पूर्वेच्या बांधावर जागलीचं मचाण आहे, तिथून. घोगरा, घसा बसल्यासारखा : "जागं हाय का?" हरभऱ्यात रानडुकरं घुसतात म्हणून लोक रात्रीची राखण करतात, आणि अंधारात एकमेकांना हाळी देतात. हाळी ऐकून गप्प राहणं आमच्याकडे बरं दिसत नाही. मी ओरडून ओ दिली, "व्हय, जागी हाय!" तो शांत झाला. इतक्या रात्री आपल्याला कुणी विचारतंय, याचंच अप्रूप वाटलं.

१८ नोव्हेंबर
न्याहारीला हे सांगितलं तेव्हा प्रेमानंदचा हात ताटातच थांबला. तू ओ दिलीस का, एवढंच त्यानं विचारलं. दिली म्हटल्यावर म्हणाला, बराबर केलंस, रोज देत जा, राखणदाराला धीर येतो. दोघंही आज आठपर्यंत झोपले होते. शितल म्हणाली, वर्षानं अशी झोप लागली. दुपारी वसमतहून माझ्यासाठी थर्मास आणि जाड शाल आली.

२८ नोव्हेंबर
रोज २.४०. पाखरांच्या यादीत आता त्याचीही ओळ असते. गोळ्यांचा जोर ओसरला आहे, काल दोनला माझा डोळा लागला होता. शितलनं अडीचला हलवून उठवलं आणि हातात काळा चहा दिला. "बसा की वन्सं भाईर, तुमची पाखरं वाट बघत असतील." आजारी माणसाला झोपेतून उठवून पाखरं ऐकायला बसवायचं, हे नवलच. मी बसले.
झोप : अर्धा तास.

६ डिसेंबर
परवा चौथी केमो झाली. आज उन्हात काठी टेकत मचाणापर्यंत गेले. राखणदाराला चहा द्यावा म्हणून थर्मास घेतला होता. शिडीला पायऱ्याच नाहीत. वरच्या फळ्या कुजल्या आहेत आणि त्यांतून बाभळीची फांदी वर आली आहे. तिथं महिनोन्महिने कुणी चढलेलं नाही. खाली मातीत गुळण्यांच्या औषधाची रिकामी बाटली होती, हिरव्या झाकणाची. माझ्या उशाशी आहे तसलीच.

७ डिसेंबर
तांड्यावरच्या जिवनबाई निंदायला येतात, त्यांना विचारलं. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, मग सांगितलं. ग्यानबा नावाचा माणूस. अंगठेबहाद्दर, पण पाखरांच्या आवाजावरून रात्रीची वेळ सांगायचा. त्याला घशाचा कॅन्सर झाला, झोप उडाली, तेव्हा साऱ्या शिवारानं जागल त्याच्यावर सोपवली. तो जागा, बाकीचे निवांत. गेल्या साली कार्तिकात, शेवटच्या रात्री, तो वरून हाळी देत राहिला. सहा आखाड्यांवर लोकांनी ती ऐकली. दुसरा कुणीतरी ओ देईल म्हणून सहाही घरांनी कूस बदलली. तिसऱ्या दिवशी त्याला खाली उतरवलं.

तेव्हापासून हाळी येते, सगळ्यात जवळच्या घराला. ओ दिली की तो तिथंच थांबतो. नाही दिली तर पुढची हाळी विहिरीवरून, त्यापुढची अंगणातून. प्रेमानंद आणि शितल वर्षभर पाळीपाळीनं जागून ओ देत होते.
"तुमाला काहून आनलं वाटलं, बाई? हवा खायला?"

९ डिसेंबर
प्रेमानंदला सरळ विचारलं. रडला. म्हणाला, ताई, तू तशीबी जागीच असतीस, तुझं काय जातंय? परभणीला सोड म्हटलं, तर गाडी बिघडली आहे. पुण्याला मुलाला, रणजीतला, फोन केला. तो म्हणाला, मामा एवढं करतात तुझ्यासाठी, आणि गोळ्यांनी भास होतातच, आई.

स्तन गेला, केस गेले, चव गेली. झोप तेवढी राहिली होती, ती यांनी आपसांत वाटून घेतली.

२५ डिसेंबर
पाचवी केमो. गाडी आज बरोबर सुरू झाली. नांदेडहून परस्पर निघून जायचं ठरवलं होतं. पायांत उभं राहण्याइतकं बळ नव्हतं. उचलूनच गाडीत घातलं मला. औषध बदललं आहे. डॉक्टर म्हणाले, तोंड येईल, आवाज बसेल, आठवडाभर त्रास होईल. प्रेमानंद शेजारीच उभा होता. त्यानं ऐकलं.

२८ डिसेंबर
तोंडभर फोड. पाणी गिळवत नाही. २.४० ला ओ दिली, शिट्टीसारखी निघाली. बराच वेळ काहीच नाही. मग बांधावर हळदीची पानं सळसळली, आणि थांबली. वारा नव्हता.
झोप : नाही.

२९ डिसेंबर
ओ पोचली नाही. दुसरी हाळी विहिरीवरून आली. टिटवी किंचाळत उठली. जीव खाऊन ओरडले — तोंडातून रक्त. थांबला. किती जवळ थांबला, ते बघितलं नाही.

३० डिसेंबर
आवाज नाही. मुळीच नाही. संध्याकाळी प्रेमानंदला पाटीवर लिहून दाखवलं : आज तू ओ दे. त्यानं मान डोलावली. माझे पाय चेपले. आता त्यांचं दार आतून बंद —

२.४०. मचाण.

ताट बडवलं. त्याला ताटाचा आवाज नको आहे —

विहीर.

दार ठोठावते आहे. आत दोघं जागे आहेत. शितल खोकली. प्रेमानंद दाराला तोंड लावून हळूच म्हणाला, ताई, एकच शबुद हाय, म्हन की. मी ओ दिली तर जागल परत माझ्या गळ्यात यील. मग त्यानं दिवा मालवला. माझा भाऊ.

खोलीत आले. कडी लावली. कडी —

अंगण. तुळशीची कुंडी कलंडली.

गुळण्यांच्या औषधाचा वास. माझ्या तोंडाचा नाही. कानाशी, अगदी हळू, विचारतो आहे. रागानं नाही. रडवेला —

नर्सबाई म्हणाल्या होत्या रोज लिहा. लिहिते. व्हय. जागी हाय. जागी हाय. वही उचलून त्याच्यापुढं धरली आहे. व्हय, जागी हाय. पण त्याला वाचता —