देवयानीचे छत्तीस फोटो

२१ ऑक्टोबर १९९८, पाडवा. रात्री ९.४०

संकल्प. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनाच्या प्रदर्शनात माझा देवयानी दीर्घिकेचा फोटो लागणार. तोही सातपूरच्या या मागच्या अंगणातून काढलेला. लोक म्हणतात शहरातून जमत नाही. लोकांकडे चिकाटी नसते.

यंत्र तयार आहे. दोन फळ्या, एक बिजागरी, एक स्क्रू. वर रशियन कॅमेरा. शटर दहा मिनिटं उघडं ठेवायचं आणि पृथ्वी फिरते म्हणून तेवढा वेळ स्क्रू फिरवत राहायचं. मिनिटाला एक फेरा, दर पंधरा सेकंदांनी पाव. बस.

मोजायला आधी भाग्यश्री असायची. घड्याळ धरून "पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण" म्हणायची. आता ती नाही. काही अडत नाही. कंपनीत मिलिमीटरचा हजारावा भाग मोजणारा माणूस मी, मला पंधरा सेकंद मोजता येणार नाहीत?

आज एक फोटो घेतला. मधे बहुतेक कुणाचं तरी रॉकेट गेलं. अनुभव म्हणून जमा.

२५ ऑक्टोबर, रविवार

एका हाताने स्क्रू, दुसऱ्यात घड्याळ, तोंडात टॉर्च. शिंक आली.

लताने अनारसे डबाभर केलेत. घरात माणसं दोन. कुणासाठी केलेस विचारलं, तर म्हणाली, "हात तेवढ्याच मापाला बसलाय."

हे टोमणे मला कळतात. एकदा लिहूनच ठेवतो. माझा विरोध राकेशच्या जातीला नाही. कंपनीत मी सगळ्यांच्या डब्यातलं खातो. विरोध पद्धतीला आहे. एकुलती एक मुलगी मे महिन्यात बापाला न सांगता कोर्टात जाऊन लग्नाची सही करून येते, ही पद्धत झाली? सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, ही वेगळी गोष्ट.

तिने यावं, चूक झाली म्हणावं. दार उघडंच आहे. फक्त तिने यायचं.

१८ नोव्हेंबर. पहाटे ५

पेपरात आलं होतं, उल्कांचा पाऊस पडणार. सगळी कॉलनी गच्चीवर. नीट दिसावं म्हणून सगळ्यांनी दिवे लावून ठेवलेले! शेजारच्या सहादूने तर बोअरवेलवरचा हॅलोजन लावला. बंद करा म्हटलं तर म्हणाला, "अहो निकमभाऊ, पडलेली उल्का अंधारात सापडायची कशी?"

तीन फोटो. तिन्हींत हॅलोजन.

सहादू असंही म्हणाला की बाजारात भाग्यश्री दिसली, तब्येत भरलीय. बरं झालं. म्हणजे खाऊनपिऊन सुखी आहे. मला काळजी नव्हतीच.

१४ डिसेंबर. रात्री १०.१५

लताला मोजणीला बसवलं. चौथ्या मिनिटाला "पाऊण"नंतर "आमटी तापवू का?" आली. माझा अर्धा फेरा जास्त झाला. ओरडलो. ती शालीत तोंड घालून रडायला लागली. आमटीवरून एवढं रडतं का कोणी?

मग म्हणाली, "भागूला दिवस गेलेत. पाचवा सरलाय."

मी म्हटलं, शटर उघडं आहे, नंतर बोलू.

नंतर बोललो नाही. दव फार पडलं होतं. लेन्स पुसण्यात वेळ गेला.

१७ जानेवारी १९९९, अमावस्या

थंडी इतकी की स्क्रू बोटाला चिकटतो. आज सलग चार फोटो. हात अजिबात हलला नाही. यातला एक तरी प्रदर्शनात जाणार म्हणजे जाणार. कार्डावर काय लिहायचं तेही ठरवलं: "छायाचित्र व यंत्र: सावळीराम निकम, सातपूर." मोजणाऱ्याचं नाव द्यायची पद्धत नसते. तिचं द्यावं का, असा विचार आला. आपण मोठेपणा दाखवला तर काय बिघडतं? पण ती प्रदर्शनाला येईल तेव्हा बघू. येईलच. दरवर्षी जायचो.

आजची दहाच्या दहा मिनिटं मी मोठ्याने मोजत होतो. सहादूच्या बायकोने विचारलं म्हणे, भाऊ कुणाशी बोलतात?

१० फेब्रुवारी, बुधवार

लता म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी घरी राहा. कोणीतरी येणार आहे."

कोण विचारलं नाही. शनिवारी आमची साप्ताहिक सुट्टी, घरीच असणार की.

दुपारी कंपनीत कळलं, शनिवारी अर्जंट डिस्पॅच आहे. सुपरवायझर म्हणाला, निकम, तुम्हीच या, तुमच्याशिवाय कोणावर भरवसा नाही. पंचवीस वर्षांची नोकरी, नाही कसं म्हणणार?

१३ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ११.३०

सेकंड शिफ्ट करून आलो. ताट झाकून ठेवलेलं. लता भिंतीकडे तोंड करून झोपलेली, म्हणजे जागी. पुरणपोळी होती. कोण आलं होतं विचारणार होतो, पण झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं?

१४ फेब्रुवारी, रविवार

शेवटचे दोन फोटो घेऊन रोल संपवायचा होता. बघतो तर एकच शिल्लक. माझ्या वहीत चौतीस, कॅमेऱ्याच्या आकड्यात पस्तीस. रशियन आकडा, चुकणारच. माझी वही चुकत नाही. उरलेला एक घेतला. देवयानी आता सहादूच्या टाकीमागे उतरायला लागली आहे. रोल स्टुडिओत दिला. शनिवारी मिळेल.

आठ बाय दहाची फ्रेम सुताराला सांगून ठेवली.

२० फेब्रुवारी, शनिवार. दुपारी

पाकिटात एकच फोटो. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, बाकीचे सगळे काळे होते. कोरे समजून प्रिंटच नाही मारले." त्याला आकाश कसं असतं ते समजावून सांगितलं. रागारागाने निगेटिव्ह उजेडात धरून भिंग लावलं. तारे नाहीत, शेवया आहेत. सगळीकडे शेवया. चार सलगच्या चारही. जानेवारीतला हात हलला नव्हता, असं मी लिहून ठेवलंय.

प्रिंट झालेला फोटो भाग्यश्रीचा आहे.

आमच्या अंगणात, स्टुलावर बसलीय. संध्याकाळचं ऊन. पोट बरंच पुढे आलंय. एक हात पोटावर, दुसरा माझ्या फळ्यांवर. डोळे अर्धवट मिटलेत. लताला कॅमेरा धरता येत नाही, डोकं थोडं कापलं गेलंय.

संध्याकाळी

लताला विचारलं. एवढं होऊनही ती माझ्यावर ओरडली नाही. शांतपणे सांगितलं. भाग्यश्री चारला आली. राकेशला वापीला नोकरी लागली आहे, लगेच जायचंय. त्याला आई नाही. ही विचारायला आली होती, "पहिलं बाळंतपण आहे, मी इथं राहू का? बाबांना चालेल का?" लता म्हणाली, तूच विचार, येतीलच इतक्यात. साडेसातपर्यंत बसली. मग म्हणाली, "बाबांना माहीत होतं ना गं, आज मी येणार ते?"

लताने काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

वही माझी आहे, कोणी वाचत नाही. तेव्हा लिहितो. सुपरवायझर मला काही म्हणाला नव्हता. डिस्पॅचला दुसरा माणूस ठरला होता. मीच जाऊन म्हटलं, मी येतो.

२१ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच तिच्या खोलीवर गेलो. पत्ता मला माहीत होता. दोनदा समोरून सायकलवर गेलेलो आहे, कामानिमित्त. कुलूप. घरमालकीण भागीबाई भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "मंगळवारीच गेली ना बाई. टेम्पोत पुढं बसवली तिला, गाद्या लावून. तुम्ही कोण?"

मी म्हटलं, ओळखीचा.

त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि चहा ठेवला. घेतला नाही. पत्र आलं की कळवा म्हटलं, पत्ता लिहून दिला.

७ मार्च, रविवार

प्रदर्शन झालं. गेलो नाही. पत्र नाही. नव्या गावात सामान लावायला वेळ लागतो. येईल. लता रोज पोस्टमनच्या वेळेला अंगण झाडते. अंगणात झाडण्यासारखं काही नसतं.

लताला म्हटलं, पत्र आलं की तू जा वापीला, बाळंतपणाला. कंपनीत रजा मिळाली तर मीही येईन. ती म्हणाली, "रजा मागितलीत?"

उद्या मागतो.

११ एप्रिल, रविवार. रात्री

भागीबाईंकडे पत्र आलं. त्यांच्या नावाचं. खाली तिथल्या घरमालकांचा फोन नंबर. त्यांनी तो आणून दिला.

लता म्हणाली, "फोन तुम्ही करा. मी केला तर मीच केला असं होईल."

एसटीडी बूथवर गेलो. लता बाहेर, काचेला लागून उभी. घरमालकाने हाक मारून राकेशला बोलावलं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "मुलगी झाली, बाबा. दहा दिवस झाले. दोघी बऱ्या आहेत." त्याने मला बाबा म्हटलं. मी म्हटलं, त्रास झाला का? तो म्हणाला, "झाला थोडा. सिझर करावं लागलं. शेजारच्या बायका होत्या."

मग मी म्हटलं, भागूला देता का?

त्याने रिसीव्हरवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नाही. मागे बाळ रडत होतं. आणि तिचा आवाज आला, अगदी जवळून.

"झोपलीय म्हणून सांग."

राकेश म्हणाला, "बाबा, ती झोपलीय." खोटं बोलायची सवय नाही त्याला, लगेच कळतं. मी म्हटलं, असू दे. झोपू दे. जपा.

बाहेर आलो. लताने माझा हात धरला. रस्त्यात आमची अशी सवय नाही.

"काय झालं?"

"मुलगी."

ती रडली, हसली, पदराने तोंड पुसलं. "आणि भागू? बोलली?"

"झोपली होती."

"बरं," लता म्हणाली. "उठली की मी करीन."

इथेही तेच लिहिणार होतो.