पाच रंगांच्या चिठ्ठ्या

निसवॉल्ड, मिनेसोटा
मंगळवार, ३ ऑक्टोबर १९६१

ती. रग्ना वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, सिग्नेचा, आदराचा नमस्कार.

पार्सल पोचलं. तुम्ही पाठवलेलं नव्हे (तुमच्याकडून पार्सल येईल ही आशा आम्ही चार नाताळांपूर्वीच सोडली), तर तुमच्या भावाने टपालाने मागवलेलं. आलेला माल असा: पिस्तूल आवळून धरायचा लोखंडी शिकंजा एक, सत्तावन्न डॉलर, त्याचा टपालखर्च वेगळा, तीन डॉलर दहा सेंट, पुंगळीच्या बुडात बसवायच्या टोप्या दोन हजार, गोळ्या ओतायचा नवा साचा एक, घरात असे सहा असताना. शिकंजा इतका जड की टपालवाल्याने तो फाटकाशीच टाकला, आणि मी तो चाकगाडीवर घालून गोठ्यामागे ओढत नेला. सत्तावन्न डॉलर माझ्या कवळीसाठी ठेवलेले होते. तेव्हा सध्या मी देवळात ओठ मिटून गाते. देवबापाला शब्द पोचत असतील, शेजारच्या बाकावर पोचत नाहीत.

तुमची प्रकृती बरी असावी. डुलुथला तळ्यावरचा वारा सुरू झाला असेल, लोकरीचं घालत जा. इकडे सगळं क्षेम आहे. क्षेम म्हणजे दोघं जिवंत आहोत आणि डेअरीचा दुधाचा ट्रक अजून चार चाकांवर आहे. त्यापुढचं सविस्तर लिहिते, कारण ह्यांनी तुम्हाला फक्त 'शिकंजा झकास आहे' एवढंच कळवलं असणार.

तुम्हाला आठवत असेल, आमचं लग्न झालं तेव्हा हे पन्नास वारांवरून पाच गोळ्या कॉफीच्या बशीखाली झाकतील अशा बसवत. भिंतीवरचे सगळे बिल्ले त्या काळातले (पुसते मीच). दोन वर्षांपूर्वी बशी पुरेना, ॲपल-पायची थाळी लागायला लागली. यंदाच्या उन्हाळ्यात लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पोळ्या, भाजायचा तवासुद्धा अपुरा पडला. आता विकतची काडतुसं हे कधीच वापरत नाहीत. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरायच्या. त्यामुळे नेम चुकला की दोष द्यायला हजार वस्तू हाताशी असतात. आधी बंदुकीची दारू दमट होती. मग शिसं मऊ होतं. मग टोप्यांचा डबा वाईट निघाला. मग माझी चूल एका बाजूला तापते म्हणून गोळ्या वाकड्या थिजतात, असंही निघालं. (त्या चुलीवर मी एकतीस वर्षं केक भाजते आहे, एकही वाकडा थिजलेला नाही.)

ह्या नेमबाज मंडळींची एक रीत आहे, ती ते आपल्या देवळातल्या धर्मप्रश्नोत्तरावलीपेक्षा कडक पाळतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर शिसं तेच, शिसं बदललं तर टोपी तीच. पंचवीस पुंगळ्या भरायच्या, वाळूच्या पिशवीवर मनगट टेकून पाच-पाच झाडायच्या, कागदावरची दोन सगळ्यांत लांबची भोकं घेऊन अंतर मोजायचं, वहीत लिहायचं, आणि मग पुढची गोष्ट बदलायची. वही माझ्याकडे, कारण घरात हायस्कूल पास मी एकटी, आणि कोंबड्यांच्या अंड्यांचा हिशेब लिहिणारीला पुंगळ्यांचा जड नाही असं ह्यांचं मत. दोन वर्षांत सतरा प्रकार झाले. सगळं एकेक करून बदललं. न बदललेली गोष्ट एकच उरली, आणि ती वाळूच्या पिशवीमागे बसायची.

वन्सं, मी बोलून पाहिलं. ईस्टरच्या जेवणाला म्हटलं, डोळे दाखवून या. हे म्हणाले, "सुईत दोरा ओवायला तुला चष्मा लागतो, आणि डोळे माझे दाखवायचे?" विषय संपला. तुम्हाला सांगायला नको की तुमच्या घरात हा विषय असाच संपतो. मामंजी शेवटची नऊ वर्षं भिंत धरून चालत होते. लग्न ठरवताना मला सांगितलं होतं की ते फार चिंतन करतात.

मग जुलैत मी पाप केलं. ह्यांनी सांगितलं होतं, दारू पाच वेगवेगळ्या मापांनी तोल आणि प्रत्येक मापाच्या डब्यावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी लाव. (तोलते मीच. तराजूच्या काट्याजवळच्या रेघा 'हल्ली बारीक आखतात' असं हे म्हणतात. तराजू मामंजींच्या वेळचा आहे.) मी पाचही डब्यांत माप एकच भरलं. शिसं तेच, टोपी तीच, हात माझाच. नुसत्या चिठ्ठ्या पाच रंगांच्या. पाच शनिवार हे झाडत होते आणि मी लिहीत होते. निळी डावीकडे ओढते. पिवळी आळशी आहे. हिरवीत दम आहे पण शिस्त नाही. गुलाबी मुळीच नको. पांढरी बरी, तिच्यावर अजून काम करण्यासारखं आहे. इतक्या ठामपणे तर आपले पाळक लुंडसुद्धा न्यायाच्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मी मान खाली घालून लिहिलं, आणि दर रविवारी क्षमा मागितली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

ह्यांनी ठरवलं की वाळूची पिशवी विश्वासाची नाही. म्हणून शिकंजा. त्यात पिस्तुलाची मूठ आवळली की माणसाने फक्त चाप ओढायचा. हात नाही, मनगट नाही, डोळा नाही. मी कॅटलॉगातलं वर्णन तीनदा वाचलं. तुमचे भाऊ स्वतःच्या हाताने मागवत होते ते काय आहे, हे मला कळत होतं आणि त्यांना कळत नव्हतं.

मागच्या शनिवारी गोठ्यामागच्या सिमेंटच्या खांबावर तो बसवला. नेमबाजीच्या क्लबातले एमेट कोल्स्टाड थर्मास घेऊन आले. पाळक लुंडही आले (त्यांचा नेम बरा आहे, प्रवचन लांबतं). ह्यांनी पाच रंगांतले प्रत्येकी पाच, असे पंचवीस बार एकाच कागदावर काढले. एमेट दुर्बीण लावून बसले होते. पहिल्या दहा बारांपर्यंत ते बोलत होते. मग दुर्बिणीची काच पुसून पुन्हा बघितलं. सगळे मिळून कागदापाशी गेलो. मधोमध एकच भोक, कडा फाटलेलं, बशीपेक्षा लहान. हे पुढे झाले आणि भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. वन्सं, ह्यांनी ते पाहिलं नाही. चाचपलं.

एमेट म्हणाले, "सिग्नेबाई, ह्या पाचांत फरक काय ठेवलायत?"

मी म्हटलं, "चिठ्ठीच्या रंगाचा."

पाळक एकाएकी ढगांकडे बघायला लागले. एमेटनी बुटाने माती उकरली, थर्मासचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मला वाटलं, देवाने शेवटी सत्तावन्न डॉलर घेऊन का होईना, पण दाखवलं. आता हे खाली बसतील, मी हात धरीन, आणि सोमवारी डॉक्टरकडे.

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "माझी वही नासवलीस!"

"अहो, पण ह्याचा अर्थ..."

"पाच शनिवार! अख्ख्या उन्हाळ्याची नोंद फुकट! एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढं साधं सांगितलं होतं तुला!"

"मी एकही बदलली नव्हती," मी म्हटलं.

एमेट म्हणाले, "हालवोर, बाबा, ती काय म्हणते ते ऐक." पण तुमचे भाऊ तोवर घराकडे चालू लागले होते. गोठ्याच्या कोपऱ्यावरचं पाण्याचं टमरेल दहा वर्षं तिथेच आहे, त्याला अडखळले आणि ते तिथे कुणी ठेवलं म्हणून ओरडले.

आता निष्कर्ष असा निघाला आहे की काडतूस उत्तम, दोष मुठीचा. म्हणून माझ्या पावाच्या पाटाचं अक्रोडी लाकूड कापून हे नव्या मुठी कोरताहेत. मेमध्ये राज्याची स्पर्धा आहे. नवी वही घातली आहे, आणि माझ्यावर भरवसा उरला नसल्याने ती स्वतः लिहितात. काल धूळ पुसताना उघडली. ओळी एकमेकींवर चढलेल्या आहेत. आकड्यावर आकडा, तारखेवर तारीख. मी झाकून ठेवून दिली.

नेम चुकतो त्याचं मला काही नाही. कागदाला लागलं काय, न लागलं काय, कागद रडत नाही. पण रोज पहाटे हे दुधाचा ट्रक घेऊन निघतात. कोल्बर्गांच्या शेतापाशी रूळ आडवे जातात, तिथे फाटक नाही. ऑगस्टपासून मी शेजारी बसून जाते. ह्यांना सांगितलं, सकाळची प्रार्थना फिरत्या गाडीत चांगली होते. मी गीतं म्हणते आणि डावी-उजवी बघते, मालगाडी दिसली की गाणं थांबवून म्हणते, "जरा थांबा हो, पुढचं कडवं आठवत नाही." हे थांबतात. डेअरीत सांगतात, ह्या वयात बायकोला माझ्यावाचून करमत नाही. गेल्या गुरुवारी मला खोकला आला. एका कडव्यापुरताच. ट्रक थांबला तेव्हा पुढची चाकं रुळाला लागलेली होती आणि गाडीचा वारा माझ्या तोंडावर होता. मागचे सगळे कॅन आडवे झाले. हे म्हणाले, "धुक्यात शिटी द्यायला नको का ह्यांनी?"

त्या दिवशी धुकं नव्हतं, वन्सं.

असो. तुम्हाला काळजीत घालायला लिहिलेलं नाही. काही मागायचंही नाही. सहज खुशाली कळवली. वडील मंडळींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
सिग्ने

ता. क. कवळीचं लिहिलं त्यावरून पैसे पाठवायचा विचार करू नका. (करणार नाहीच म्हणा.)

ता. क. सप्टेंबरातल्या महिला मेळाव्यात तुमच्या देवळाच्या पाळकांच्या पत्नी भेटल्या. म्हणाल्या, रग्नाच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन किती छान झालं, आता शेवटच्या बाकावरून फळ्यावरचे गीतांचे क्रमांक वाचते! मी 'हो हो' म्हटलं. आम्हाला वसंतात तुमचं पत्र होतं की पित्ताशय काढलं. मला राग आला, तो मी गिळला. मामंजींचा डोळा डॉक्टरच्या हातून गेला म्हणून तुम्ही दोघं भावंडं जन्मभर घाबरलात, हे मला समजतं. पण तुम्ही गेलात, आणि तुम्हाला दिसलं. मग ते भावापासून का लपवता? आई गेल्यावर तुम्ही त्यांना वाढवलंत. माझं ते ऐकत नाहीत, शिकंज्याचंही ऐकलं नाही. तुमचं ऐकतील. जाड भिंगांचा चष्मा लावून स्वतः या. येणं होत नसेल तर लिहा: काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत, एका पानावर चार ओळींहून जास्त नको. नाहीतर पत्र मला वाचून दाखवावं लागेल, आणि हे म्हणतील की ते मीच रचलं.

ता. क. काल डेअरीच्या व्यवस्थापकाने नवा नियम लावला: ट्रकमध्ये चालकाशिवाय कुणी बसायचं नाही. येत्या सोमवारपासून. मी हातापाया पडले, उपयोग झाला नाही. खरं कारण सांगितलं तर ट्रकच जातो, आणि न सांगितलं तर सोमवारी हे एकटे जातात. रविवारी संध्याकाळपर्यंत तुमचं काही आलं नाही, तर मी कारण सांगणार आहे, आणि मग ह्या घरात माझ्याशी कुणी बोलणार नाही. कृपा करून उलट टपाली कळवा.