पालक, बीट आणि जेवणावरचा चहा

३ मार्च, सकाळी
आजपासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात. हिचं ऑपरेशन महिनाअखेरीला. गर्भाशयातली गाठ, तशी साधीच. पण हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दहाच्या वर न्या, मगच हात लावते. रोज लोहाची गोळी, शिवाय पालेभाज्या, डाळी, कडधान्यं, बीट, तीळ. एवढंच ना! अख्ख्या फॅक्टरीचं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला हे म्हणजे डाव्या हातचा मळ. साठलेली रजा टाकली.
मी घाबरलेलो नाही. नोंद असावी.

३ मार्च, संध्याकाळी
डबे लावले. हिचा सगळा आनंदीआनंद होता. तीळ बिस्किटांच्या डब्यात, मसूर कॉफीच्या बरणीत. आता सगळं बाराखडीप्रमाणे, लेबलसकट. ही मीठ शोधत होती. म्हटलं, ‘म’च्या रांगेत बघ. ही म्हणाली, आधी ‘म’ची रांग कुठे आहे ते सांगा. नव्या पद्धतीला विरोध व्हायचाच.

४ मार्च
पालक. भरपूर पाण्यात उकळला, पाणी ओतून दिलं, परत उकळला. स्वच्छता महत्त्वाची. भाजी अंमळ करडी झाली. ही म्हणाली, सगळा जीव मोरीत गेला तिचा. दोन घास खाऊन ताट सरकवलं. उरलेली मी संपवली, मला अन्न टाकवत नाही.
मग चहा केला. लग्नाआधीपासून येणारी ही माझी एकमेव पाककृती. हिने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, हा मात्र झकास. धोरण ठरलं: प्रत्येक जेवणावर एक कडक कप. लोहाची गोळीही त्याच्याबरोबरच, म्हणजे विसरायला नको.

७ मार्च
बिटाचं सूप. मिक्सरचं झाकण घट्ट बसलं नव्हतं. नेमकी तेव्हाच मेहुणी टपकली आणि भिंत बघून दारातच किंचाळली. म्हटलं, बीट आहे, तुझी ताई आत झोपलीय. मग पुसता पुसता मला शिकवत बसली. पालकाचं पाणी टाकू नका, डाळीवर लिंबू पिळा, जेवणावर चहा देऊ नका. मेहुणीचा स्वतःचा चहा म्हणजे गरम पाण्याला लावलेला रंग. दुसऱ्याचा चांगला झाला की पोटात दुखणारच.
सूप बरंच उरलं. प्यायलो.

११ मार्च
राजम्याला मोड आणले. शिजवल्याने सत्त्व जातं, म्हणून कच्चेच काकडीत कालवले. ही म्हणाली, राजमा कच्चा खात नाहीत हो, चांगला उकळावा लागतो. तिला दाखवायला म्हणून आधी मीच वाटीभर खाल्ले.

१२ मार्च
शरीरशुद्धी चालू आहे. सकाळपासून सातवी.
हिने उठून मला पेज करून दिली. वास्तविक हिने उठायचं नाही असं ठरलं होतं. पेज बरी होती.

१६ मार्च
दमलो. निवडा, धुवा, शिजवा, भांडी घासा, की परत भूक लागलेलीच असते लोकांना. ही हे इतकी वर्षं रोज कशी करत होती, हा विषय रजेनंतर घेऊ.
संध्याकाळी हिला खाली फिरवून आणलं. येताना जिन्यात ही दोनदा थांबली, दम लागला. आपल्यासाठी थांबलोय असं तिला वाटू नये म्हणून मी लेस बांधायला वाकलो. पायात चपला होत्या, हे नंतर लक्षात आलं.

२० मार्च
मसूर, तीळ, भोपळ्याच्या बिया, सगळं एकत्र शिजवलं. तिन्ही गुणकारी. ही म्हणाली, माझी भूकच मेलीय, तुम्ही फक्त चहा द्या. दिला. एवढ्या चहाने तरी तोंडाला चव येते तिच्या. चेहऱ्यावर तेज आलंय असं मला वाटतं. मेहुणीला वाटत नाही. बाकीचं पातेलं मी आटोपलं. पँट आवळतेय, बहुधा धुऊन आटली.

२४ मार्च
हिमोग्लोबिन साडेसात.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काय असतं. मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्या मान डोलवत होत्या. शेवटी जरा ऐटीत चहाचंही सांगितलं, गोळीसकट. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, चहा जेवणातलं लोह अंगाला लागूच देत नाही, गोळीचंही नाही. निदान तासाभराचं अंतर हवं होतं. ऑपरेशन पुढे ढकललं. आता लोह शिरेतून देणार.
बरोबर आलेल्या मेहुणीने मला बसायला खुर्ची ओढून दिली, हे जास्त लागलं.
रक्ताची एक पिशवीही हाताशी लागेल म्हणाल्या. मी लगेच बाही वर केली. माझं हिमोग्लोबिन निघालं सोळा. नर्स म्हणाली, काका, काय खाता हो तुम्ही! ही पहिल्यांदा हसली. हसताना दम लागला.
मग नर्सने माझं बीपी घेतलं. परत घेतलं. म्हणाली, इतकं असताना रक्त घेता येत नाही, कसलं टेन्शन आहे का? मी म्हटलं, छे. ही तिथूनच म्हणाली, आहे. पहिल्या दिवसापासून आहे.
रक्त मेहुणीने दिलं.

२५ मार्च
ही खुर्ची घेऊन ओट्याजवळ बसली. ती सांगेल तसं मी केलं. पालक कमी पाण्यात, पाणी भाजीतच. डाळीवर लिंबू. हिने सगळं जेवण संपवलं. मला उरलं नाही.
नंतर सवयीने चहाचं भांडं काढलं. हिने नुसतं बघितलं. परत ठेवलं.
आता दोघंही घड्याळाकडे बघत बसलोय. हिने माझा हात धरलाय, त्यामुळे डाव्या हाताने लिहितोय.
मी घाबरलोय. नोंद असावी.
चहाला अजून अर्धा तास आहे.