ओसाड रानाचा फलक

ॲन आर्बर, रविवार

शैलेंद्रकाका,

'सा. न.' लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतंच काका.

कालच्या सोहळ्याचे फोटो काकूने पाठवले. ओहायोतल्या तुमच्या टाउनच्या इतिहास कमिटीचे तुम्ही चेअरमन; फलकावरचं कापड ओढताना छान हसलायत. फलक मी झूम करून वाचला: 'या ओसाड रानात १८१९ साली पहिली वस्ती झाली.'

मी हे लिहिलं नव्हतं, काका. त्या वस्तीतल्या हॅनाची डायरी मी तीन महिने वाचली. पहिल्या हिवाळ्यात नदीपलीकडे आधीपासून राहणाऱ्या वायंडॉट या मूळनिवासी जमातीतल्या बायकांनी मका आणून दिला, म्हणून तिची पोरं जगली. हे मी फलकासाठी लिहून पाठवलं तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "ब्यूटिफुल, वल्लरी! एक शब्दही बदलणार नाही."

दुसऱ्या कुणी खोडलं असतं तर मी भांडले असते. पण तुम्ही? आपलं गाव धरणात गेलं तेव्हा आजोबा ग्रामदेवी डोक्यावर घेऊन डोंगर चढले होते. धरणावरच्या पाटीत गावाचं नाव नाही, म्हणून नऊ वर्षांच्या मला तिथे उभं करून तुम्ही ते तीनदा म्हणायला लावलंत. इतिहास शिकायचं मी तिथेच ठरवलं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही "प्रॅक्टिकल हो" म्हणाल, आणि सवयीने मी ऐकेन.

फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'संशोधन: वल्लरी' असं आहे. खोडायचंच होतं, तर तेवढं खोडायचं होतं.

तुमची होते ती,
वल्लरी