मेपर्यंतचं गवत

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
२८ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभ्रा,

तुला खूप आशीर्वाद, विहानच्या गालाला पापा आणि डीनलाही आशीर्वाद. डीनचं नाव मुद्दाम लिहिते आहे, कारण हे पत्र बहुधा तोच तुला वाचून दाखवणार. इथल्या शाळेत वाढलेल्या माझ्या लेकीला मराठीची एक ओळ वाचायला चहा निवेपर्यंत वेळ लागतो आणि वसईच्या मराठी शाळेत शिकलेला जावई घडाघडा वाचतो. तेव्हा डीन, सावकाश वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

फोनवर बोलता आलं असतं. पण बाबांचं नाव काढलं की तू "आई, लीव्ह इट" म्हणतेस. शेजारची बर्था नाताळाला वसईला निघाली आहे, तिच्या बॅगेत हे देते.

इकडे सगळं ठीक. हवा सुखाची झाली आहे, एसी बंद असतो. घरमालकाने अंगणातल्या फुटक्या फरशा उचलून नेल्या आणि नुसती वाळू उरली. मला वाटलं, नव्या फरशा बसवून घेऊ. तर बाबांनी जाहीर केलं, लॉन करायचं. "पुढच्या वर्षी परत जायचंच आहे" असं म्हणत ज्या माणसाने इतकी वर्षं साधी कुंडी घेऊ दिली नाही, त्याला लॉन! मी चाटच पडले.

मग घरात दुसरा विषय नाही. या दिवसांत इथं दोनच मार्ग. बर्म्युडा गवत उन्हाळा सोसतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण आत्ता पेरलं तर थंडीमुळे धड उगवत नाही, मार्चपर्यंत थांबावं लागतं. राय गवत आठवड्याभरात वर येतं, नाताळाला हिरवंगार असतं आणि मे महिन्यात उन्हाने जळून जातं. बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, वॉरंटी नसेल तर ते इस्त्रीसुद्धा घेत नाहीत. बर्म्युडाच घेतील आणि मार्चपर्यंत आपण वाळू बघत बसू, असं मी धरूनच चालले होते.

नर्सरीत मी कुंड्या बघत मागे राहिले. बाबांनी तिथल्या खैरुद्दीनला उन्हाचं, पाण्याचं, खताचं सगळं विचारून घेतलं. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"बच्चा घुटनों पे चलेगा तो चुभेगा नहीं ना?"

"राय लो साहब, एकदम मुलायम. लेकिन मई में खलास."

"चलेगा."

गाडीत मी विचारलं, राय का? म्हणाले, सध्या ट्रायल घेऊ.

विहान रांगायला लागल्याचं मी त्यांना एकदाच, जेवताना सांगितलं होतं. त्यांनी मान वर केली नव्हती, नुसता भात मागितला होता. मला तेव्हा फार राग आला होता.

तुमच्या लग्नाला ते आले नाहीत. चर्चमध्ये पुढच्या बाकावर मी एकटी बसले होते. ते तू विसरावंस असं मी म्हणणार नाही, मीही विसरलेली नाही. बाबांनी स्वतः बोलावलं तरच येईन, ही तुझी अटही रास्त आहे. मी ती त्यांच्या कानावर घातली. त्यांनी फोन हातात घेतला, तुझा नंबर काढला आणि फोन पालथा ठेवून दिला. जीभच रेटत नाही त्यांची.

बी पेरल्यापासून मात्र रोज सकाळी पेपर घेऊन अंगणात बसतात आणि त्याच पेपरने साळुंक्या हाकलतात. गवतावर कोणी पाय ठेवायचा नाही. कपडे वाळत घालायला मला भिंतीच्या कडेकडेने जावं लागतं.

मंगळवारी दुपारी मी बर्थाकडे गेले आणि चष्मा विसरला म्हणून लगेच परत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर बाबा लॉनवर. पँट मांडीपर्यंत दुमडलेली, दोन्ही हात टेकलेले आणि उघड्या गुडघ्यांवर रांगत होते. जिन्याच्या चार पायऱ्यांना कुरकुरणारा माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रांगत गेला. मध्येच थांबले, एक जागा हाताने चाचपली, गवतातून खडा काढला आणि खिशात टाकला. मग पुढे निघाले. मला आधी हसू आलं. मग तिथेच ओट्याला टेकून मी रडले.

संध्याकाळी त्यांनी बाम मागितला. कशाने दुखले गुडघे, विचारलं, तर म्हणाले, हवा बदलली. मी बाम चोळून दिला. गुडघ्यांवर अजून हिरवट डाग होते.

शुभ्रा, मला तुम्ही इथे हवे आहात. त्या रिकाम्या हिरव्या तुकड्याकडे संध्याकाळी बघवत नाही मला. बाबा तोंडाने बोलावतील असं वाटत नाही गं. त्यांना जमलं ते त्यांनी पेरलं. याला बोलावणं म्हणायचं की नाही, ते तू आणि डीन ठरवा. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला खरंच सांगता येत नाही.

एवढं ध्यानात ठेव, मे महिन्यात हे गवत राहणार नाही.

तुझी आई,
आणि, त्यांना न विचारता लिहिते, तुझे बाबा